तीन दहा ते तीन पस्तीस

एएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सची, दोन वर्षं झाली, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आलं आणि सातपुड्याच्या पायथ्याशी एका ग्रामीण रुग्णालयात लागून मला पाच आठवडे झाले होते. नवीन सिस्टरला एकटीनं नाइट देत नाहीत, म्हणून त्या रात्री मोठ्या सिस्टर सोबत होत्या. तीस खाटा आणि लेबर रूम, एवढ्याला आम्ही दोघी. बाळंतपण आलं की मोठ्या सिस्टर तिकडे आणि वॉर्डात मी एकटी. याला देखरेख म्हणता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

श्रावणातली पावसाची रात्र. दोन-सव्वादोनला एक बाई तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. सालदाराचं कुटुंब, कपाशीच्या शेतातच राहणारं. "पोट दुखी ऱ्हायनं माय, दोन डाव उलटी व्हयनी." ऑन कॉल डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रात्री काय खाल्लं ते विचारलं, केसपेपरवर गॅस्ट्रायटिस लिहिलं. अॅसिडिटीचं पॅन, उलटीचं इंजेक्शन, एक सलाईन. कुठे झोपली होती, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तीन दहाला सलाईन बघायला गेले. मुलीनं पाणी मागितलं. पेला लावला तर घोट उतरेना, पाणी ओठाच्या कडेनं गळ्यावर आलं. मग तिनं माझ्याकडे बघायला हनुवटी वर केली. कपाळाला आठ्या घालून ती भुवया ताणत होती, तरी पापण्या बुबुळाच्या निम्म्यावरच अडकलेल्या. दोन्ही डोळ्यांच्या.

हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दुखत नाही, सूज नाही, दातांची खूण बहुतेक सापडत नाही. पोटात कळ येते, मग पापण्या पडतात, मग गिळणं, मग श्वास. तरी लेबर रूमच्या दारात जाऊन मी काय म्हणाले? "सिस्टर, ती पोटदुखीची मुलगी जरा झोपाळल्यासारखी वाटतेय."

आत बाळाचं डोकं दिसत होतं. त्यांनी वर न बघता सांगितलं, "रात्रीचे तीन वाजलेत, झोपू दे. आलेच मी." मी परत फिरले. दोन जणांचं बीपी घेतलं, एका आजोबांची युरिन बॅग रिकामी केली. मधे दोनदा त्या मुलीजवळ जाऊन नुसती उभी राहिले.

तीन पस्तीसला मोठ्या सिस्टर आल्या. लांबून एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बाळा, एका श्वासात आकडे म्हण." पंधरापर्यंत गेली. त्यांनी आईला विचारलं, कुठे झोपली होती? "खाले झोपेल व्हती." पुढच्या मिनिटाला डॉक्टरांना फोन गेला.

अँटिव्हेनमच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, दहा कुप्या. मुलाला असो की मोठ्याला, डोस तोच, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. आमच्याकडे येते ती पावडर असते. प्रत्येक कुपीत दहा मिली पाणी घालून विरघळवायची. हलवायची नाही, फेस होतो. दोन तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. तळाशी पांढरी गोळी चिकटून राहते आणि ती सुटेपर्यंत आपला जीव टांगणीला लागतो. रिअॅक्शन आलीच तर म्हणून अॅड्रेनॅलिन आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलं. मी कुप्या फिरवत होते आणि मोठ्या सिस्टर दर थोड्या वेळानं तिला आकडे म्हणायला लावत होत्या. पंधराचे नऊ झाले. नवाचे पाच. नंतर "एक, दोन" आणि पुढे नुसते ओठ.

डॉक्टरांनी श्वासाची नळी टाकली, मी अँबू, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, धरला. १०८ मधून जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजला नेताना सोबतही मीच गेले. चार-पाच सेकंदांनी एक दाब, छाती उचलली का बघायचं, पुन्हा दाब. निघताना मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "बोलत राहा तिच्याशी. डोळे उघडत नाहीत, पण तिला सगळं ऐकू येतं." तापीचा पूल आला तेव्हा उजाडत होतं. पूल आला, हे मी तिला सांगितलं. तिची दोन बोटं माझ्या अॅप्रनच्या कडेवर किंचित हलली.

ती वाचली. काही दिवस व्हेंटिलेटरवर होती, मग स्वतःच्या पायांनी घरी गेली. सगळे मला शाबासकी देतात, नवीन असून अँबू सोडला नाही म्हणून. पण मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकंच खराब करतं. अँटिव्हेनम रक्तात फिरणारं विष पकडतं. जे टोकांशी जाऊन बसलं ते त्याच्या हाती लागत नाही. तीन दहा ते तीन पस्तीस या वेळात किती जाऊन बसलं असेल, याचा हिशेब कोणी देऊ शकत नाही.

दोन दिवसांनी मोठ्या सिस्टरनी चहा पिताना शांतपणे विचारलं, "तू 'पापण्या पडल्यात' असं का नाही म्हणालीस? ते ऐकलं असतं तर मी मावशीला बाळाजवळ उभं करून धावत आले असते." मी म्हणाले, खात्री नव्हती. ते खरं नव्हतं. चुकले तर सगळ्यांसमोर बोलणी बसतील, म्हणून मी चुकलं तरी चालेल असा शब्द निवडला होता.

आणखी एक गोष्ट मी त्यांनाही सांगितलेली नाही. सकाळी परत येऊन नर्सिंग नोट्स लिहिल्या, तेव्हा 'पापण्या पडलेल्या आढळल्या' यासमोर मी वेळ लिहिली ३.३५. खाली सही माझी आहे.