घोडीच्या पाठीवर हात ठेवायला शिकताना

पुण्यात सात वर्षं माणसांची फिजिओथेरपी केली होती. त्यामुळे इंग्लंडमध्ये प्राण्यांच्या मॅनिप्युलेशनच्या, म्हणजे हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करण्याच्या, पदव्युत्तर कोर्सला प्रवेश मिळाला तेव्हा वाटलं, शरीररचना नव्याने पाठ करायची, बाकी हात तयारच आहेत. हात तयार नव्हते.

पाठांतर जमलं. घोड्याच्या मानेत मणके सातच, आपल्यासारखे. पुढे छातीचे १८, कमरेचे बहुधा ६. कुत्र्याचे १३ आणि ७. घोड्याला कॉलरबोन नसतंच, पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात. हे कळल्यावर त्याच्या खांद्याकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

अडलं ते स्पर्शापाशी. कागदाखाली एक केस ठेवायचा आणि तो बोटांनी शोधायचा, असा सराव होता. एक कागद, मग दोन, मग पाच. घरी रात्री तेच करत बसायचे. पण तबेल्यात ५०० किलोचं जनावर समोर आलं की नकळत अंगाचा भार टाकायचे, आणि घोडी पाठ ताठ करायची. पाठ ताठ झाली की खालचं काहीच कळत नाही. आम्ही शिकत होतो ती पद्धत जॉन मॅकटिमनी यांची. १९७२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डशायरमध्ये ती शिकवायला सुरुवात केली. तिच्यात ताकद लागत नाही, वेग लागतो. मणक्यापाशी झटकन हलका धक्का द्यायचा आणि तितक्याच चटकन हात उचलायचा. जोर कमी करायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

‘सरकलेलं हाड बसवलं’ असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. सांध्याची अडलेली हालचाल आणि भोवतालच्या स्नायूंचा ताण, एवढ्यावरच आपण काम करतो. त्यावरचं संशोधनही अजून तोकडंच आहे, आणि हे मालकाला सांगायलाच हवं.

माणूस ‘इथे दुखतंय’ म्हणतो. घोडी कान मागे टाकते, शेपटी झटकते, खोगिराचा पट्टा आवळताना चावायला वळते. बरं वाटलं की खालचा ओठ लोंबतो, जांभई येते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला आजोबा बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचे आणि मधेच हात तसाच ठेवून थांबायचे, बैल मान सैल सोडेपर्यंत. लहानपणी वाटायचं, ते दमलेत.

इंग्लंडमधला कायदाही कडक आहे. १९६६ च्या कायद्याने जनावरांवरचे उपचार हे पशुवैद्यांचं काम. २०१५ च्या आदेशाने आम्हाला सवलत आहे, पण पशुवैद्याने जनावर तपासून उपचार सांगितले असतील तरच. सुरुवातीला हे जाचक वाटायचं. पाठदुखीचं म्हणून आणलेल्या एका डॅक्सहुंडचे मागचे पाय लटपटताना पाहिले, तेव्हा ते वाटणं गेलं. मणक्यातली चकती सरकण्याचा धोका या जातीत फार. त्याला हात न लावता आम्ही तसाच परत पशुवैद्याकडे पाठवला.

शेवटच्या प्रात्यक्षिकात एक तपकिरी घोडी वाट्याला आली. चालताना ठीक, पण दुडकी धावताना डावा पुढचा पाय टेकला की डोकं वर जायचं. पाठही ताठ होती. मी म्हटलं, ती पाय राखतेय म्हणून पाठ धरली असावी, आधी पाय तपासून घ्यायला हवा.

“मग पाठीचं काय करणार?” परीक्षकांनी विचारलं.

“आज काही नाही.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि घोडी परत न्यायला सांगितली. तीन आठवड्यांनी निकाल लागला, मी पास झाले होते.