'नर्सेससाठी खास' कॉफी: पहिलं पाकीट खपेल, दुसऱ्याचं काय?

पाकिटावर स्टेथोस्कोप, ईसीजीची रेघ आणि 'नर्सेससाठी खास' अशी ओळ छापली, तर नर्सेस ती कॉफी घेतील का? पितील नक्की. पण पहिलं पाकीट बहुतेकदा दुसऱ्याच कुणीतरी घेतलेलं असेल: डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटच्या घरच्यांनी, एखाद्या मैत्रिणीनं, नाहीतर १२ मेच्या परिचारिका दिनाला काय वाटायचं या विवंचनेत असलेल्या प्रशासनानं. भेट देणारा पाकिटाची पुढची बाजू बघतो. नर्स मात्र पाकीट उलटं करते. नाव, मात्रा, मुदत वाचल्याशिवाय काही हातावेगळं करायचं नाही ही त्यांची रोजची सवय. दुसरं पाकीट स्वतःच्या पैशानं यायचं की नाही, हे त्या मागच्या बाजूवर ठरतं.

पुढच्या बाजूचं आधी उरकू. ईसीजीची रेघ काढायचीच असेल तर नीट काढा: आधी छोटा उंचवटा (पी), मग टोकदार सुळका (क्यूआरएस), मग आणखी एक उंचवटा (टी). मनाला येतील तशी टोकं काढलेली रेघ नर्सला लगेच खटकते, आणि ती शेवटी सपाट होत गेली असेल तर वॉर्डात तिचा अर्थ वेगळाच लागतो. लाल क्रॉस वापरू नका. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी ते चिन्ह संरक्षित केलंय, मालाच्या पाकिटावर ते चालत नाही. पंखांच्या काठीला दोन साप हे चिन्ह हर्मीसचं, म्हणजे व्यापाराच्या देवाचं. वैद्यकीचं चिन्ह म्हणजे अस्क्लेपिअसची, म्हणजे ग्रीकांच्या वैद्यकदेवाची, एका सापाची काठी. (कॉफीच विकायची आहे म्हटल्यावर हर्मीस चुकून का होईना, योग्य जागी बसलाय म्हणा.) पांढरी टोपी घातलेल्या हसऱ्या बाईचं चित्र तर नकोच. ती टोपी कित्येक ठिकाणी कधीच गेली, आणि या कामात पुरुषही आहेत.

'देवदूत', 'हिरो' हे शब्द सगळ्यात जास्त अंगाशी येतात. सहा पेशंटच्या जागी दहा सांभाळणाऱ्या माणसाला कौतुकाची कॉफी दिली की त्याला नेमकं काय मिळालेलं नाही तेच आठवतं. 'कोड ब्लू' (पेशंटचं हृदय बंद पडल्यावर दवाखान्यात दिली जाणारी हाक) असं नावही जपून. तो विनोद नर्सेस आपापसात करतील, पण ते पाकीट नातेवाइकांच्या नजरेला पडेल अशा जागी ठेवणार नाहीत.

आता मागची बाजू. वॉर्डात कप एका बैठकीत संपत नाही. ओतला, दोन घोट घेतले, बेल वाजली. परत येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. कप बरोबर नेताही येत नाही, कारण रक्ताचा किंवा शरीरद्रवाचा संपर्क येऊ शकतो तिथे खाणंपिणं संसर्ग-नियंत्रणाच्या नियमात बसत नाही. म्हणजे तो ड्यूटी रूममध्येच निवत पडणार. निवल्यावर फार गडद भाजलेल्या कॉफीचा कडूपणा आणि राखेसारखी चव वर येते. मध्यम भाजलेली कॉफी बरी टिकते. आणि या धंद्यातली 'खास' पाकिटं बघा, जवळजवळ सगळी गडद! गडद म्हणजे कडक, हा समज त्यामागे आहे. प्रत्यक्षात वजनाला वजन धरलं तर भाजण्यानं कॅफीन फारसं बदलत नाही. फरक पडतो तो बियांच्या जातीनं. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं.

एका कपाची ड्रिप पिशवी भेट म्हणून छान दिसते, पण तिच्यावर थोडं थोडं पाणी ओतत दोन-तीन मिनिटं उभं राहावं लागतं, आणि नाइट ड्यूटीला तेवढंच जमत नाही. इन्स्टंटची पुडी जमते. थंड पाण्यात काढलेला अर्क त्याहून चांगला: एक भाग जाडसर दळलेली कॉफी, पाच ते आठ भाग पाणी, फ्रिजमध्ये बारा ते सोळा तास, मग गाळायचं. पिताना निम्मं पाणी किंवा दूध घातलं की झालं, आणि निवण्याचा प्रश्नच मिटतो. मात्र बाटलीवर काढल्याची तारीख हवी. फ्रिजमध्येही आठवड्याभरात संपवावा.

सामाईक मशीन असेल तर एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम धरा. किलोभर कॉफीत १५० मिलिलिटरचे साधारण शंभर कप निघतात, तेव्हा मोठ्या वॉर्डाला २५० ग्रॅमचं गोंडस पाकीट दोन दिवसही पुरणार नाही. दळण फार बारीक असेल तर फिल्टर तुंबून पाणी वरून वाहतं आणि चोथा भांड्यात उतरतो. फार जाड असेल तर नुसतं रंगीत पाणी. 'कोणत्याही मशीनला चालेल' असं लिहिलेलं दळण बहुधा कशालाच धड चालत नाही. तापत्या प्लेटवर ठेवलेली कॉफी अर्ध्या तासात बिघडायला लागते, म्हणून पंपाचा थर्मास बरा.

खरी जागा मोकळी आहे ती मात्रेत. पाकिटावर दर कपाला किती मिलिग्रॅम कॅफीन, हे क्वचितच कुणी छापतं. २४० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ते साधारण ९५ मिलिग्रॅम असतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं म्हटलं. गरोदरपणी दिवसभरात २००. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सुमारे दुप्पट. पहाटे तीनला २०० मिलिग्रॅम पोटात गेलं, तर सकाळी आठला घरी जाऊन पडायच्या वेळी अजून एक कपभर अंगात असतं. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनं झोप तासाभराहून जास्त कमी केली होती.

म्हणून मला नर्सेससाठी खरोखर खास वाटेल ते पाकीट दोन कप्प्यांचं असेल. एका कप्प्यात ड्यूटीच्या पहिल्या अर्ध्यासाठी नेहमीची कॉफी, दुसऱ्यात उरलेल्या वेळासाठी निम्मी डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली, मिसळलेली. दोन्हीवर मिलिग्रॅम आणि भाजल्याची तारीख. असं पाकीट मी तरी अजून पाहिलेलं नाही.

चाचणी घ्यायची तर 'तुम्ही घ्याल का?' असं विचारू नका. समोर फुकट कप असताना कुणी नाही म्हणत नाही. मागच्या नाइटला काय प्यायलात, ते कुणी आणलं होतं, किती ओतून द्यावं लागलं, हे विचारा. मग तीच कॉफी साध्या आणि नर्सेसच्या पाकिटात भरून दोन सारख्या वॉर्डांत ठेवा, पंधरा दिवसांनी अदलाबदल करा, दर आठवड्याला उरलेली कॉफी वजन करा. फुकटची संपल्यावर पैसे देऊन कुठल्या वॉर्डानं किती मागवली, तो आकडा खरा. तोपर्यंत छापील पिशव्या मागवू नका. एकदिशा झडपेच्या (आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही) साध्या पिशवीवर स्टिकर लावा. १२ मे उलटला की भेटीची मागणी आटते, आणि दळलेली कॉफी पुढच्या मेपर्यंत थांबत नाही.