टाळ थांबवायचा कधी

ज्येष्ठ वद्य अष्टमी, रात्र

संध्याकाळी आळंदीहून ह्यांचा फोन आला. मागे टाळमृदंगाचा एवढा कल्लोळ, की निम्मं बोलणं कळलंच नाही. माउलींचं प्रस्थान झालं एवढं समजलं. "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पुढे काही बोलले असते तर चांगलं बोलले नसते.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय, जवळ कुणीतरी हवंच. थोरल्या जाऊबाई येणार होत्या, ऐनवेळी त्यांचं काहीतरी निघालं. मग घरी कोण थांबणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही. माझीच वळकटी परत माळ्यावर गेली.

त्यात जो येतो तो पुंडलिकाची गोष्ट सांगतो. आईबापाची सेवा सोडली नाही, म्हणून देव विटेवर ताटकळला. गोष्ट गोडच आहे. पण पुंडलिकाच्या दारी देव स्वतः आला होता, आणि आईबापही त्याचे स्वतःचे होते! 'ठेविले अनंते तैसेचि रहावे' हेही सकाळी ऐकवून झालं. ते म्हणणारे तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले, जनाबाईने तर त्याला सरळ 'विठ्या' म्हणून झोडलं, हे मात्र सोयीने विसरायचं.

मला आज सारखी समाजआरती आठवतेय. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळांचा नुसता गजर. चोपदार चोप उंचावतात आणि एवढा मोठा समाज गप्प होतो. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल तिने टाळ वाजवत राहायचं. त्या आवाजाच्या रोखाने चोपदार येतात, म्हणणं ऐकून घेतात, निर्णय होतो. मग हरवलं-सापडलं पुकारायचं, उद्या कधी निघायचं ते सांगायचं आणि आरती. एका वर्षी पाण्याच्या टँकरवरून आमच्याच दिंडीने टाळ धरला होता. निर्णय काही आमच्या मनासारखा झाला नाही. तरी टाळ थांबले, आणि आरतीला आमचे लोक इतरांइतकेच मोठ्याने म्हणत होते.

म्हणून मीही आज देवापुढे बसून सगळं वाजवून घेतलं. जाऊबाईंचा राग, ह्यांचा हेवा, दिवेघाट चढायला मिळणार नाही याचं रडू. बहुतेक मोठ्यानेच बोलत होते, कारण आतून आवाज आला, "कुणाशी भांडतेयस गं?"

"पांडुरंगाशी."

"मग माझंही सांग त्याला. मी काय हौसेनं पडले होय?"

हसू आलं. पाय चालत होते तोवर वारी केलेली बाई, आता कुशीवर वळायलाही माझा हात लागतो. त्यांना भांडं दिलं, पाठीला पावडर लावली, मग दोघींनी हरिपाठ म्हटला. त्या पडल्यापडल्या पलंगाच्या लोखंडी कडेवर ठेका धरत होत्या. एका अभंगात मी चुकले तर थांबवून पुन्हा म्हणायला लावलं.

शेवटी देवाला म्हटलं, तुझ्या मनात मी इथे असावं असं असेल तर राहते. खुशीने राहते असं आज म्हणवत नाही, ते तू बघ.

उद्या जाऊबाईंना फोन करायचाय. वाईट वाटलं हे एकदाच, सरळ सांगणार. दशमी-एकादशीला दोन दिवस त्या येतील का, हेही विचारणार, म्हणजे एसटीने तरी पंढरपूर गाठता येईल. नाही म्हणाल्या तर तो विषय पुन्हा काढायचा नाही, ह्यांच्यापाशीसुद्धा नाही.