लायब्ररीत पिको

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी आईने साडी पाठवली ती पिको न करताच. फोनवर म्हणाली, "अगं, कुरियरवाला दारात उभा होता, वेळच मिळाला नाही. तिथे देईल की कुणीतरी करून." आईच्या डोक्यात 'तिथे' म्हणजे बाजारपेठेतलं मॅचिंग सेंटर, बाहेर मशीन टाकून बसलेला माणूस आणि "संध्याकाळी घेऊन जा ताई". इथे फिनलंडमध्ये, हेलसिंकीशेजारच्या एस्पोत, शिंप्याकडे पँट आखूड करायला टाकायची म्हटली तरी मी महिनाभर विचार करते.

ऑफिसातल्या फिनिश मैत्रिणीला सहज सांगितलं, तर कॉफीतून मान वर न करता ती म्हणाली, "मग लायब्ररीत जा ना."

मला वाटलं, माझं फिनिश पुन्हा दगा देतंय. 'किर्यास्तो' म्हणजे वाचनालय, एवढं तर मला पहिल्या आठवड्यात आलं होतं. पण तिला खरंच वाचनालयच म्हणायचं होतं.

तर एका शनिवारी पिशवीत साडी, मॅचिंग दोरा आणि खाऊचा डबा (सवय जात नाही) घेऊन मेट्रोने हेलसिंकीत उतरले. स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर 'ओओदी' आहे. ओओदी म्हणजे स्तुतिगीत. देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून या लोकांनी स्वतःला भेट काय दिली, तर हे वाचनालय. 5 डिसेंबर 2018 ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, ते उघडलं. खर्च जवळजवळ 98 दशलक्ष युरो. बरोब्बर समोर संसद. वरच्या मजल्याच्या गच्चीवर उभं राहिलं की आपण आणि खासदार समोरासमोर. पुस्तकं आहेत सुमारे एक लाख, पण ती सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर. फोटोत दिसतो तो ढगासारखा पांढरा मजला तोच. परत आलेली पुस्तकं लिफ्टने वर जातात आणि पुढे छोटे रोबो ती कपाटांपर्यंत नेतात. ते बघून भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा व्हिडिओ काढतो, मीही काढला होता. पण मला जायचं होतं दुसऱ्या मजल्यावर.

दुसरा मजला म्हणजे शाळेतला कार्यानुभवाचा तास, फक्त सामान नीट चालणारं. थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, मोठाले पोस्टर छापायची यंत्रं, गाणी रेकॉर्ड करायच्या खोल्या आणि एका बाजूला शिलाई मशीन, कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक, इस्त्री. वेळ आधी ऑनलाइन घेऊन ठेवायची. मशीनचं भाडं नाही.

मी साडी काढली आणि मग लक्षात आलं की साडेपाच मीटर कापड मांडायला टेबल पुरत नाही. पदराचं टोक शेजारच्या टेबलापर्यंत गेलं. तिथे एक आजोबा जुन्या बॅकपॅकची चेन बदलत होते. त्यांनी एकदा पदराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आपली कात्री दुसरीकडे सरकवून ठेवली. एवढाच संवाद. फिनिश माणसाच्या हिशेबात आमची ओळख झाली.

ओव्हरलॉकमध्ये दोरा ओवणं हे मला अजिबात जमत नाही, हे तिथे समजलं. तीन रिळं, सतरा हुक, आणि आकृतीतल्या बाणांचं बोट धरून गेलं तरी दोरा शेवटी तुटतोच. तिथे काम करणारी मुलगी आली. केस निळे, गळ्यात ओळखपत्र. तिने साडी म्हणजे काय ते विचारलं नाही, कडेला नेमकं काय हवंय ते विचारलं. मी मोबाइलवर दुसऱ्या साडीच्या पिकोचा फोटो मोठा करून दाखवला. ती म्हणाली, म्हणजे कड गुंडाळून बारीक शिवायची. मग चिंधीवर तीनदा करून पाहिलं, ताण कमी-जास्त केला आणि चौथ्या वेळी तो आला, आपला पिको, बारीक आणि घट्ट. मशीनवर मला बसवलं, स्वतः नाही बसली. शिवून देणं तिचं काम नाही, शिवता यावं इथपर्यंत आणून सोडणं तिचं काम. आपल्या रस्त्यावरच्या माणसाला पाच मिनिटांचं काम, मला पाऊण तास लागला. फॉल घरी हाताने लावला, तो कुठल्या मशीनला जमत नाही, असं आई म्हणते.

घरी येताना मेट्रोत मला एकाएकी भरून आलं. साडीमुळे असेल, किंवा आता नोव्हेंबरात पावणेचारलाच काळोख पडतो तसा तेव्हा ऑक्टोबरचा पाऊस लागला होता, त्यामुळे. पण डोक्यात एकच घोळत होतं: बुकिंगवरचं नाव सोडलं तर मला त्या इमारतीत कुणी काही विचारलं नाही. तू कोण, कुणाची, कशाला आलीस, किती वेळ बसणार, काही नाही.

हे वाक्य तुम्हाला साधं वाटत असेल, तर तुम्ही आमच्या गावच्या वाचनालयात वाढला नाहीत.

सातारा जिल्ह्यातलं आमचं वाचनालय सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गातलं. अनामत, महिन्याची वर्गणी, कपाटांना काचा आणि काचांना कुलपं. यादीतून नंबर शोधायचा, चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी काकांकडे द्यायची. काका म्हणजे ग्रंथपाल. चिठ्ठी वाचून काका माझ्याकडे चष्म्यावरून बघायचे. "हे तुझ्या वयाचं नाही. दहावी होऊ दे." आणि दुसरं पुस्तक द्यायचे, जे बहुतेक वेळा चांगलं असायचं, हे कबूल करायला मला वीस वर्षं लागली. मी काय वाचते हे बाबांना चौकात कळायचं. दिवाळी अंकांची योजना भरली की कोरे अंक आधी कार्यकारिणीच्या घरी फिरून यायचे, मग आमच्याकडे. शब्दकोड्यं सोडवलेली असायची. पेनने.

आणि तरी काका मला नावाने ओळखायचे. मी आजारी पडले होते तेव्हा त्यांनी बाबांबरोबर दोन पुस्तकं घरी पाठवली होती, चिठ्ठी नसताना.

इथे उलटं आहे. मला कुणी ओळखत नाही आणि किल्ली मात्र देऊन ठेवली आहे. किल्ली म्हणजे अक्षरशः. बऱ्याच शाखांत सकाळ-संध्याकाळ कर्मचारी नसतानाची वेळ असते. दारापाशी कार्ड दाखवायचं, चार आकडे दाबायचे, दार उघडतं. आत कुणी नाही. कॅमेरे आहेत, दिवे आहेत, हजारो पुस्तकं आहेत. पहिल्यांदा सकाळी सात वाजता एकटी आत गेले तेव्हा मी चोरासारखी पावलं टाकत होते. पुस्तक स्वतःच यंत्रावर ठेवलं, पावती घेतली, 28 दिवसांसाठी. कार्ड फुकट. हेलसिंकी, एस्पो, वान्ता आणि कौनिआयनेन या चार शहरांत मिळून एकच कार्ड, एका शहरातून घ्यायचं आणि दुसऱ्यात परत टाकायचं.

नवऱ्याला हे कौतुक सांगितलं तर तो म्हणाला, "लोकसंख्या किती यांची? छप्पन्न लाख. पुण्याएवढी पण नाही." तो प्रत्येक वादात हा आकडा काढतो. पूर्वी मी भांडायचे, हल्ली मीच पाहुण्यांना हाच आकडा सांगते.

आता जरा तक्रार, नाहीतर म्हणाल पोरगी पार विकली गेली. शांतता! आमच्या जवळच्या शाखेत शांतता नावाचा प्रकार नाही. (कुठली शाखा ते सांगत नाही, माणसं चांगली आहेत.) दुपारी शाळा सुटली की पोरं येतात, दप्तरं फेकतात आणि स्क्रीनसमोर बसून ओरडत गेम खेळतात. एका कोपऱ्यात तान्ह्या बाळांची गाणी चालू. दुसरीकडे कुणी आजी बँकेचं ॲप कसं उघडायचं ते शिकतायत, मोठ्याने, कारण ऐकू कमी येतं. मी एकदा न राहवून काउंटरवरच्या माणसाला विचारलं, इथे वाचायचं कुठे? तो मनापासून हसला आणि मागच्या काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं. बाहेर बोलणं हाच नियम आहे, गप्प बसणाऱ्यांसाठी वेगळी खोली! 'शांतता राखा' या पाटीखाली माझं बालपण गेलंय. ती पाटी आमच्याकडे इतकी जुनी होती की 'शां'वरचा अनुस्वार उडाला होता. मला अजूनही लायब्ररीत कुणी मोठ्याने हसलं की मान वळते. त्या काचेच्या खोलीत जाऊन बसले तर तिथे दहा मिनिटांत झोप लागली, हे वेगळं.

पण इथे त्यांच्याकडे कायदाच तसा आहे. पहिला ग्रंथालय कायदा 1928 चा, आत्ताचा 2017 पासून लागू. त्यात पुस्तकं आणि वाचन तर आहेच, पण शिकायला, काम करायला, छंदाला आणि नागरिक म्हणून एकत्र यायला जागा देणं हेही वाचनालयाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. लोकशाही आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे शब्दही आहेत. मी ते वाचून जरा हसले होते. कायद्यात काय, काहीही लिहितात.

मग एप्रिल 2025 आला. नगरपालिकेच्या निवडणुका. इथे परदेशी नागरिकालाही ठरावीक काळ राहिल्यावर त्यात मत देता येतं, आणि 2 ते 8 एप्रिल आगाऊ मतदान होतं, ज्याची केंद्रं बऱ्याच ठिकाणी वाचनालयांत असतात. मी ऑफिसमधून येताना परत करायचं पुस्तक खोक्यात टाकलं आणि चार पावलांवर असलेल्या टेबलाशी पासपोर्ट दाखवला. या देशाच्या वाचनालयात मला कुणी 'तू कोण' असं विचारलं ते हे पहिल्यांदा. मतपत्रिकेवर उमेदवाराचा आकडा लिहिला, घडी घातली, शिक्का. मागे पोरं गेम खेळत ओरडतच होती.

आपल्याकडे काहीच बदललं नाही असं म्हणू नका हं, मी म्हणाले तरी. आमच्याच वाचनालयाचा वरचा हॉल आता अभ्यासिका झालाय. पहाटे पाचपासून एमपीएससीची पोरं, प्रत्येकाची ठरलेली खुर्ची, खुर्चीला उशी बांधलेली, भिंतीवर तालुक्यातून कोण पीएसआय झालं त्याचे फोटो. माझा भाचा तिथेच बसतो. पूर्वी मी नाक मुरडायचे, म्हणायचे की हे वाचनालय नाही, कोचिंगचं गोदाम आहे. मग त्यानेच मला विचारलं, "आत्या, तुझ्याकडे लोक लायब्ररीत साडी शिवतात ते चालतं, आणि आम्ही राज्यघटना पाठ केली तर नाही चालत?" काय उत्तर देणार. घरात चार माणसं आणि एक टीव्ही असला की शांत खुर्ची हीच सुविधा असते.

पैसा नाही हे मात्र खरं. कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे, आपल्या महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात तो घेतलाच नाही. मग सगळी भिस्त अनुदानावर, आणि अनुदान कसं येतं ते काकांना विचारा. त्यांच्या पगाराएवढा इथे माझा मेट्रोचा पास आणि कॉफी होते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी परत येऊन काही करणार आहे असंही नाही.

ही साडीची गोष्ट परवा आईला व्हिडिओ कॉलवर सांगितली, पिको दाखवला. तिने कॅमेऱ्याजवळ धरायला लावला. "बरा आहे," म्हणाली. म्हणजे चांगला आहे. मग मागच्या कपाटाकडे बघून म्हणाली, "ते निळं पुस्तक वाचनालयाचं ना गं?"

होय. 2011 साली लग्नाच्या गडबडीत राहून गेलेलं, आधी पुण्याला, मग बंगळुरूला आणि आता इथे आलेलं. आत गोल शिक्का, मागे तारखांचं चिकटवलेलं पान, शेवटची तारीख काकांच्या अक्षरात. दर वेळी सुट्टीत न्यायचं ठरवते आणि दर वेळी बॅगेत लोणच्याला जागा करायला ते बाहेर निघतं. आता तर वाटतं, काकांच्या अक्षरातलं माझ्याकडे एवढंच आहे, राहू दे.

मी आईला म्हटलं, काकांना विचार, चौदा वर्षांचा दंड किती होतो, ऑनलाइन पाठवते.

दुसऱ्या दिवशी आईचा मेसेज आला. काका बाजारात भेटले होते. म्हणाले, "तिला म्हणावं, दंडाचं नंतर बघू. पुस्तकाला नंबर लागलाय."