तुम्ही विचारलंत म्हणून: आकाशदर्शनाला पेटी कशाला?

"दुर्बीण समजली सर, पण हे पेटी काहून आणली?" खेड्यातल्या शाळेत आकाशदर्शनाला गेलो की हा प्रश्न ठरलेला.

पेटी, म्हणजे हार्मोनियम, आमच्या सरांची. ते गेल्यावर काकूंनी मला दिली. अमरावतीला कॉलेजात ते आम्हाला खगोलशास्त्र शिकवायचे, पण चार भिंतींत त्यांचा जीव रमायचा नाही. जानेवारीत चिखलदऱ्याच्या पठारावर नेऊन अगस्त्य तारा दाखवत. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. दक्षिणेला अगस्त्य दीड मूठ वर, उत्तरेला ध्रुव दोन मुठी, कारण ध्रुव आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो आणि आपला अक्षांश २१. रात्री शेतात जागलीला जाणाऱ्या पोट्ट्यांना हे मोजमाप लगेच जमतं. शहरातल्यांना ॲप लागतं, असो.

तर पेटी. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराला नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मधेच कुणी मोबाइल लावला की पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ पोट्टे गप्प थोडीच बसणार! सर पेटी काढायचे, खंजिरी कुणा पोराच्या हातात द्यायचे आणि तुकडोजी महाराजांची भजनं सुरू. ती आमच्याकडे लहानथोरांना पाठ. सरांचा आवाज बेताचाच, पण सूर पक्का. भजनं आटोपेपर्यंत डोळे तयार.

मग दुर्बिणीत गुरूचे चंद्र. गुरूभोवतीच्या एका फेरीला आयोला १.७७ दिवस लागतात, युरोपाला ३.५५, गॅनिमीडला ७.१५. दरवेळी जवळपास दुप्पट. सर मला भात्यावर बसवायचे आणि दोन्ही हातांनी तीन सा धरायचे: खालचा मंद्र म्हणजे गॅनिमीड, मध्य युरोपा, वरचा तार आयो. एक सप्तक वर गेलं की कंपनं दुप्पट होतात, तसंच हे. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर आयोच्या चार होतात, हे फळ्यावर लिहून कुणाच्या लक्षात राहिलं नसतं. चौथ्या कॅलिस्टोला १६.७ दिवस लागतात, तो काही या हिशेबात बसत नाही. "आणि हा, सर?" कुणीतरी विचारायचंच. सर पेटीवरून हात उचलून नुसते हसायचे.

मीही आता तेच करतो, फक्त भात्याला दरवेळी नवा पोट्टा शोधावा लागतो.

तेव्हा मला बोलावणार असाल तर पेटीची काळजी नको. ग्रामपंचायतीच्या हायमास्ट दिव्याच्या पेटीची किल्ली कोणाकडे असते, तेवढं आधी विचारून ठेवा.