पाटीवरचा लांब एस

जर्मनीतलं माइन्त्स हे छपाईचा जनक गुटेनबर्गचं गाव. इथल्या एका छोट्या स्टुडिओत मी पाट्या आणि वाइनच्या लेबलांचं डिझाइन करते. गेल्या हिवाळ्यात एक आजोबा आणि त्यांची मुलगी आले. त्यांच्या वाइनश्टुबेची, म्हणजे वाइन मिळणाऱ्या छोट्या खाणावळीची, पाटी बदलायची होती. आजोबांना गॉथिक अक्षरं हवी होती, तीही सगळी कॅपिटल. मुलगी म्हणाली, "बाबा, नकोच. लोक आपल्याला नाझी समजतील."

कॅपिटलचा प्रश्न लगेच सुटला. मी 'वाइनश्टुबे' दोन्ही प्रकारे छापून भिंतीवर लावलं. फ्राक्टुरचं, म्हणजे या जर्मन गॉथिक अक्षरांच्या सर्वांत रूढ प्रकाराचं, प्रत्येक कॅपिटल शब्दाच्या तोंडाशी एकटं उभं राहायला घडवलेलं असतं, सोंडेसारखे बाक काढून. नऊच्या नऊ शेजारी बसवली की नुसता गुंता. दारापाशी जाऊन पाहिल्यावर आजोबांनाच ते वाचवेना.

मुलीची भीती मात्र पोकळ नव्हती. 1930च्या दशकात टानेनबेर्गसारखे ठोकळेबाज, कोरडे गॉथिक टाइप सरकारी पत्रकांवर आणि रेल्वे स्टेशनांच्या पाट्यांवर सर्रास होते. पण 3 जानेवारी 1941 रोजी नाझींनीच ही लिपी बंद केली. नाझी पक्षाचा बडा अधिकारी मार्टिन बोरमान याच्या परिपत्रकात तिला 'ज्यूंची अक्षरं' ठरवलं होतं, जे धादांत खोटं होतं. त्या कागदाची प्रत मी स्क्रीनवर उघडली. मजकूर टंकलिखित, आणि वर पक्षाचं छापील नाव गॉथिकमध्येच! मुलगी बराच वेळ ते पाहत राहिली. नाझींच्या आधी जवळजवळ पाचशे वर्षं जर्मन माणूस हीच अक्षरं वाचत होता. गुटेनबर्गचं 1455च्या सुमाराचं बायबल याच घराण्यातल्या टेक्स्टुरात आहे. ही सगळी परंपरा नाझी राजवटीच्या बारा वर्षांच्या नावे लिहून टाकणं मला अजिबात मान्य नाही.

तरी टाइप जपूनच निवडला: 1800च्या सुमाराचा वालबाउम फ्राक्टुर. त्यात तिरक्या कापलेल्या टाकाचा हात अजून दिसतो, आपल्या बोरूसारखा: उभा दांडा जाड, जोडरेघ केसाएवढी.

मग आला एस. फ्राक्टुरमध्ये तो दोन प्रकारचा. शब्दाच्या किंवा जोडशब्दातल्या घटकाच्या शेवटी गोल, बाकी बहुतेक ठिकाणी लांब. 'वाइन'नंतर 'श्टुबे' सुरू होतं, म्हणून इथे लांबच हवा, पुढच्या टीला चिकटलेला. बाजारातल्या कितीतरी पाट्यांवर तिथे गोल एस असतो, कारण कीबोर्डवर तोच येतो. मला ते खुपतं. पण लांब एस एफसारखा दिसतो; फरक एवढाच की एफची आडवी रेघ दांडा ओलांडून उजवीकडे जाते. मुलीला वाटलं, पर्यटक 'वाइनफ्टुबे' वाचतील. आम्ही खऱ्या मापाचा कागद दारावर लावला आणि रस्त्यापलीकडून पाहिला. शब्दाचा आकार एका नजरेत कळत होता. लांब एस राहिला.

खालच्या वेळा साध्या रोमनमध्ये घेतल्या. आजोबांना मेनूही फ्राक्टुरमध्ये हवा होता, त्याला मी ठाम नकार दिला. आजच्या वाचकाला त्यात एक शब्द आवडतो; पदार्थांची अख्खी यादी तो मंद दिव्यात वाचत बसणार नाही.