मॅसानटनचा पदर: मार्च ते सप्टेंबरचा हिशोब

मंडळी, हरणाच्या शिकारीला बसायची जागा शोधायचं मार्चमध्ये सुरू केलेलं काम आता जरा मार्गी लागलंय म्हणून लिहून टाकतो. जागा तीच, जॉर्ज वॉशिंग्टन नॅशनल फॉरेस्टमधला मॅसानटन डोंगर, आम्हा नॉर्दर्न व्हर्जिनियावाल्यांना आय-६६ धरून गेलं की दीड तास. त्याला जोडलेलं जेफरसन नॅशनल फॉरेस्ट धरून हे सरकारी जंगल सुमारे १८ लाख एकर, हंटिंग लायसन्सबरोबर फॉरेस्टचं परमिट काढलं की मोकळं रान. अडचण तीच आहे, एवढ्या रानात नेमकं बसायचं कुठे.

मार्चमध्ये घरी बसून ऑनएक्स या नकाशाच्या ॲपवर १४ पिना टाकल्या. सह्याद्रीत चार पावसाळे घालवलेल्या माणसाला टोपो नकाशा शिकवावा लागत नाही, सोंड, घळ, धार सगळं कंटूरमध्ये दिसतंच, आणि त्याच सवयीने मी सगळा भरवसा खिंडींवर ठेवला. म्हटलं हरीण काय नि माणूस काय, धार ओलांडायची तर सगळ्यात खालच्या जागेतूनच ओलांडणार. जुलैत दोन खिंडींत ट्रेल कॅमेरे (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे) लावले आणि महिन्याने कार्ड काढलं तर हायकर, त्यांची कुत्री, एक अस्वल, आणि हरणाची एक मादी, तीही रात्री अडीचला. झाडाला कोणाचा तरी जुना ट्री स्टँडचा (झाडावर बांधायच्या शिकारीच्या बैठकीचा) पट्टा लटकत होता तो मला कॅमेरा लावताना दिसला नव्हता. म्हणजे खिंड मला दिसली तशी सगळ्यांनाच दिसली होती.

मग लायडार हिलशेडची, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेल्या जमिनीच्या नकाशाची लेयर लावून बसलो. ही लेयर झाडं काढून नुसती जमीन दाखवते, ज्यांनी अजून वापरली नसेल त्यांनी नक्की वापरा, साध्या टोपोवर यातलं काही दिसत नाही. उतारावर जागोजागी गोल गोल सपाट ठिपके दिसले, प्रत्येक साधारण आपल्या खळ्याएवढा, आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा. आधी वाटलं डेटाच खराब आहे. ऑगस्टमध्ये घामाघूम होऊन तिथे पोचलो, बुटाने पाला बाजूला केला तर खालची माती काळीकुट्ट! १९ व्या शतकात इथे एलिझाबेथ फर्नेससारख्या लोखंडाच्या भट्ट्या होत्या, त्यांना लागणारा कोळसा डोंगरातच पाडायचे, लाकडं रचून वर माती लिंपून हळूहळू जाळायची, त्यासाठी उतार खणून केलेल्या या सपाट्या. आणि त्या रेघा म्हणजे कोळसा वाहायच्या जुन्या गाडीवाटा. आता त्याच वाटांवर हरणांच्या लेंड्या, खुरांच्या खुणा, आणि एका सीडरवर गेल्या वर्षीचा रब, म्हणजे नराने शिंगं घासल्याची खूण, मनगटाएवढं खोड सोललेलं. धारेच्या बऱ्याच खाली, सह्याद्रीत डोंगराच्या मधल्या सपाटीला आपण पदर म्हणतो अगदी तिथे. आडव्या वाटेने चालायला कष्ट नाहीत, वरून माणूस खाली उतरत नाही नि खालून कोणी तेवढं चढत नाही. हे मार्चमध्ये सुचायला हवं होतं, पदरातल्या वाटांनी मी स्वतः किती किल्ले फिरलोय.

पाच कॅमेरे पदरावर हलवले. त्यातले घोळ ऐका. एकाचं तोंड पूर्वेला ठेवलं, सकाळचं ऊन आणि समोर हलणारं नेचं, २,३०० फोटो नेच्याचे. (तोंड उत्तरेला ठेवायचं, मला माहीत होतं, तरी.) दुसरा अस्वलाने चावला, शेवटच्या फोटोत नुसती जीभ आहे. तिसऱ्यात भर दुपारी २ वाजता मोठा आठ पॉइंटचा बक (शिंगांना आठ टोकं असलेला नर), मी आनंदाने बायकोला उठवलं, आणि मग लक्षात आलं की फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे, म्हणजे इन्फ्रारेड, म्हणजे रात्र, घड्याळ लावताना एएम-पीएम उलटं झालेलं. तेव्हापासून कॅमेरे डोक्याच्या वर, तोंड खाली वाकवून लावतो, आणि लावल्यावर एक फोटो स्वतःचा काढून वेळ तपासतो. मोबाइल नेटवर्कवरून फोटो पाठवणाऱ्या सेल कॅमेऱ्याचा विचार केला होता पण त्या घळीत फोनलाच रेंज नाही.

सप्टेंबरचं कार्ड मात्र बरं निघालं. वरच्या धारेवर सगळा चेस्टनट ओक, पदराच्या दक्षिण टोकाला मात्र व्हाइट ओकची सात-आठ झाडं आहेत आणि यंदा फळं धरलीयत चांगली. व्हाइट ओकच्या फळात टॅनिन, म्हणजे तुरटपणा कमी, हरणं ते आधी वेचतात, आणि मका वगैरे टाकून शिकार करणं व्हर्जिनियात चालत नाही त्यामुळे माझं सगळं गणित या सात-आठ झाडांवर. तिथे तीन आठवड्यांत उजेडातले ११ फोटो, त्यात एक सहा पॉइंटचा बक दोनदा, दोन्ही वेळा संध्याकाळी उत्तरेकडून. उजेडातले नसतील तर फोटो मी आता मोजतच नाही.

प्रश्न वाऱ्याचा आहे. संध्याकाळी हवा थंड होऊन उताराने खाली वाहते, म्हणजे मी ओकच्या वर बसलो तर माझा वास थेट त्यांच्या ताटात. म्हणून खालच्या अंगाला एक झाड हेरलंय, आणि तिथे ओढ्याच्या पात्रातून चढून जायचं, गाडीवाटेवर पाऊलही टाकायचं नाही.

आई फोनवर दर वेळी विचारते, तिकडे पोलीस धरत नाहीत का. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हाच, तिला इथलं लायसन्स, सीझन, टॅग समजावताना माझी दमछाक होते. मॅसानटनकडच्या शेनान्डोआ काउंटीत हरणांना होणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा जीवघेणा रोग आहे, अख्खं हरीण बाहेर न्यायला बंधनं आहेत, ते तर मी तिला सांगितलेलंच नाही. तसंही त्या पदरावरून अख्खं ओढून आणणं माझ्या पाठीला झेपणारं नाही, जागेवरच मांस सोडवून पाठीवर आणणार.

आर्चरी, म्हणजे धनुष्यबाणाच्या शिकारीचा सीझन, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी उघडते. तोवर तिकडे फिरकायचं नाही असं ठरवलंय, दोन कॅमेरे तिथेच आहेत, आणि क्रॉसबोचा स्कोप ३० यार्डांवर अजून दोन इंच डावीकडे मारतोय, तो आधी नीट करतो.